०.२५ ने भागायचंय? सरळ ४ ने गुणा की

०.२५ दिसलं की पोरं पॉइंट हलवत बसतात, त्यापेक्षा मनात त्याला 'पाव' म्हणा. ६ ÷ ०.२५ म्हणजे ६ किलो साखरेच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती, एका किलोत ४ म्हणून २४, झालं. ०.७५ म्हणजे पाऊण, मग ४ ने गुणून ३ ने भागा, ६ चे ८ येतात. उत्तर मोठं आलं म्हणून घाबरून खोडू नका हं, एकापेक्षा लहान संख्येने भागलं की ते वाढणारच. गुणाकारात अडीच भारी, २.५ × १४ म्हणजे दुप्पट २८ अन् वर निम्मे ७, ३५. जुन्या लोकांना पावकी, निमकी, अडीचकी (म्हणजे पाव, अर्धा, अडीच यांचे पाढे) पाठ असायची ती काय उगाच नाही. १.३७ असलं काही आलं तर मात्र पॉइंट मोजायचेच.