लिनक्सवर डाँगल सीडी म्हणून दिसतो? डायलर शोधू नका

सिम घालून मोबाइल नेट देणारा यूएसबी डाँगल लिनक्सच्या संगणकाला लावला की अनेकदा मोडेमऐवजी सीडी ड्राइव्ह दिसते. तिच्यातला डायलर, म्हणजे नेट जोडून देणारा प्रोग्रॅम, बहुधा विंडोजसाठीचा असतो. तो कसाबसा चालवण्यात वेळ घालवू नका, त्याची गरजच नाही.

१. फोनच्या यूएसबी टेदरिंगने नेट घेऊन यूएसबी-मोडस्विच (डाँगलला सीडीवरून मोडेमवर आणणारे) आणि मोडेममॅनेजर (मोडेम चालवणारे) ही पॅकेजेस टाका. उबंटूत ती बहुतेकदा आधीच असतात.

२. डाँगल काढून पुन्हा लावा, अर्धा मिनिट थांबा. तरीही सीडीच दिसली तर फाइल मॅनेजरमधून ती इजेक्ट करा. बरेच डाँगल तेवढ्यानेच मोडेम होतात.

३. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मोबाइल ब्रॉडबँड निवडून एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटा जोडणीचे ठरलेले नाव, भरा. सिम ज्या कंपनीचे, तिने दिलेला एपीएन जसाच्या तसा हवा. जोडणी झालेली दिसते पण पाने उघडत नाहीत, असे झाले तर आधी हाच तपासा. युजरनेम-पासवर्ड सहसा रिकामे चालतात.

काही डाँगल थेट नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. त्यांचा एपीएन ब्राउझरमधून, डाँगलच्याच पानावर भरायचा.

सिमला पिन असेल तर आधी सिम फोनमध्ये घालून पिन बंद करा. पिन ३ वेळा चुकला की सिम लॉक होते आणि ते उघडायला सिम कंपनीचा पीयूके कोड लागतो.