गच्चीवर खोली चढवण्याआधी: पाणी भरून स्लॅबची भारचाचणी

इंदूरमधल्या जुन्या घराची गच्ची खोलीची जमीन होणार असेल, तर नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर ठोकून त्याचा कडकपणा मोजणारं उपकरण) आकड्यावर जाऊ नका. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो, त्यामुळे आकडा चांगला येतो; आत सळई गंजली असली तरी हॅमरला ते कळत नाही. खरं वजन देऊनच पाहा, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअर हजर असताना.

वजन पाण्याचं द्या. विटांची थप्पी स्लॅब वाकताच आपसात कमान धरते आणि भार कडेच्या भिंतींवर ढकलते. मग स्लॅब उगाच पास होतो. पाणी वाकाबरोबर खाली जातं.

राहत्या खोलीचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या सव्वापट, म्हणजे सुमारे २५५ किलो, अर्थात २५.५ सेंमी पाणी. पुढे पडणाऱ्या फरशी-मसाल्यापोटी १२ सेंमी पाणी आधी भरून ठेवा, वाक मोजणारे डायल गेज त्यानंतर शून्यावर आणा. ३.५ × ३ मीटरच्या खणाला एकूण जवळजवळ ४,००० लिटर लागतं. बांध भिंतींच्या डोक्यावर घाला, आत ताडपत्री. जुन्या पॅरापेटवर पाण्याचा रेटा देऊ नका. गच्चीला उतार असतो, म्हणून पाण्याची खोली पाच ठिकाणी मोजून सरासरी धरा.

खाली टेकू लावा, पण स्लॅबपासून २० मिमी सोडून. माणूस खाली नको. ०.०१ मिमीचे गेज टेकूंना न शिवणाऱ्या वेगळ्या घोडीवर, मध्यभागी आणि आधारांजवळ. घोडी लोखंडी असेल तर ऊन लागू देऊ नका: तीन मीटरची नळी १० अंशांनी तापली की ०.३६ मिमी वाढते. मे महिन्यात तर स्लॅबच दुपारी वर फुगतो. म्हणून शून्य, २४ तासांनंतरचं आणि पाणी काढल्यावरचं, तिन्ही वाचनं पहाटे एकाच वेळी घ्या.

वरचं २५.५ सेंमी पाणी चार टप्प्यांत भरा. सारख्या टप्प्याला वाक एकदम जास्त आला किंवा नवी चीर दिसली, तर तिथेच थांबून पाणी सोडा. बीमच्या बाजूवर पांढरा मॅट रंग लावून टूथब्रशने काळे शिंतोडे उडवले आणि स्टँडवरच्या कॅमेऱ्याने टप्प्याटप्प्याला फोटो काढले, तर डिजिटल इमेज कोरिलेशनने (फोटोंतले ठिपके किती सरकले ते संगणकावर मोजून) डोळ्यांना न दिसणारी चीरही सापडते. ठिपका तीन ते पाच पिक्सेलचा हवा, फोकस लॉक.

भार २४ तास ठेवा. वाक ४०l²/D मिमीपेक्षा कमी असेल (l म्हणजे गाळा, आधारांमधलं अंतर, मीटरमध्ये; D म्हणजे स्लॅबची जाडी मिमीमध्ये), तर वाक किती परत येतो ते मोजायची गरज नाही; ३.५ मीटर गाळा आणि १२० मिमी स्लॅबला ही मर्यादा ४.०८ मिमी. जास्त असेल तर वरचं २५.५ सेंमी पाणी काढल्यावर २४ तासांत ७५ टक्के वाक परत यायला हवा. नाही आला, तर ७२ तासांनी पुन्हा चाचणी. तेव्हा ८० टक्के परतला नाही, तर त्या स्लॅबवर खोली बांधू नका.