नेपल्सला तीन दिवस, बस-रेल्वेने : या चुका टाळा

मुलगी नेपल्सला शिकायला गेली तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येत असतात. "रोमला येतोय, तिथून तीन दिवस नेपल्सला जाणार. गाडी भाड्याने घेणार नाही. काय काय होईल?" गाडी न घेण्याचा निर्णय अगदी बरोबर. तिथल्या गल्ल्या, तिथली रहदारी आणि पार्किंगची मारामार पाहिली तर दुसरा निर्णय असूच शकत नाही. पण त्यानंतर जो बेत ऐकवला जातो त्यातल्या चुका दर वेळी त्याच असतात. हे शहर माझ्या फार आवडीचं आहे. त्यामुळे कुणी "नेपल्समध्ये नुसता वेळ गेला" म्हणत परतलं की मला वाईट वाटतं. वेळ जातो हे खरंच, आणि तो बहुतेक वेळा स्टेशनवरच्या पाट्या न वाचल्याने जातो.

चुकीच्या नापोलीला उतरणं

रोमहून वेगवान गाडी साधारण सव्वा तासात नेपल्सला पोचवते. तिकीट काढताना यादीत नापोली (नेपल्सचं इटालियन नाव) अशी दोन नावं दिसतात : नापोली चेंत्राले, म्हणजे शहरातलं मुख्य स्टेशन, आणि नापोली आफ्रागोला. आफ्रागोला हे २०१७ साली सुरू झालेलं, झाहा हदीदने आराखडा केलेलं देखणं स्टेशन आहे. पण ते शहराबाहेर उत्तरेला आहे आणि तिथून शहरात यायला मेट्रो नाही. माझा भाचा आणि त्याची बायको रात्री तिथे उतरले. फोनवर म्हणाला, "मावशी, तिकिटावर नापोलीच लिहिलंय, पण इथे शहर कुठेय?" शेवटी टॅक्सी केली, आणि स्वस्तातल्या तिकिटाने वाचवलेले पैसे तिथेच गेले. तिकिटावर 'चेंत्राले' हा शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

पॉम्पेईसाठी दिसेल त्या गाडीत चढणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पॉम्पेई म्हणजे ७९ साली व्हेसुव्हियस या ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन शहर. तिथे जाणारी चिर्कुमवेझुवियाना ही लोकल नावाप्रमाणे व्हेसुव्हियसच्या भोवतीने जाते. भोवतीने, म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांनी. एक मार्ग समुद्राच्या बाजूने सोरेंटोला जातो, दुसरा तोर्रे आनुन्झियाटापर्यंत त्याच रुळांवरून जाऊन पुढे पोज्जोमारिनोकडे वळतो, तिसरा डोंगराच्या मागून ओत्ताव्हियानोमार्गे सार्नोला, आणि आणखी एक नोलामार्गे बायानोला. सगळ्या गाड्या चेंत्रालेच्याच खाली असलेल्या गारिबाल्दी स्टेशनच्या त्याच दोन-चार फलाटांवर एकामागून एक येतात. दादरला इंडिकेटर न बघता लोकलमध्ये शिरणारा मुंबईकर मला अजून भेटलेला नाही. तोच मुंबईकर इटलीत मात्र "सगळे टुरिस्ट चढतायत" म्हणून चढतो.

मैत्रिणीची बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं अशीच चढली. पॉम्पेईची सकाळची तिकिटं काढलेली, हॉटेलातून निघायलाच उशीर झालेला, आणि फलाटावर गाडी उभी. नवरा म्हणाला, "चल गं, दार बंद होतंय." आत बसल्यावर सगळं छान वाटलं, खिडकीतून व्हेसुव्हियसही दिसला. अर्ध्या तासाने मुलीनेच विचारलं, "आई, समुद्र कधी येणार?" समुद्र येणार नव्हता. ते सार्नोच्या गाडीत होते, डोंगराच्या मागच्या अंगाला. उतरले, उलट्या गाडीची वाट पाहिली, पुन्हा गारिबाल्दीला आले, मग सोरेंटोची गाडी. पॉम्पेईला पोचले तेव्हा भर दुपार झाली होती. दगडी रस्ते तापलेले, सावली नाही, मुलं रडकुंडीला आलेली. दोन हजार वर्षांपूर्वीची बेकरी, तिची दगडी जाती आणि भट्टी बघायला आलेली ती मुलं फाटकाजवळच्या ओट्यावर बसून राहिली.

यावर माझी सवय अशी : गारिबाल्दीला चढायचंच नाही. गाडी एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून सुटते. चेंत्रालेपासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे गाडी रिकामी मिळते, बसायला जागा मिळते आणि पाटी शांतपणे वाचता येते. पाटीवर 'सोरेंटो' हवं. उतरायचं स्टेशन पोंपेई स्कावी - विल्ला देई मिस्तेरी. गाडीत बसल्यावर एक पडताळा घ्या : गाडीच्या दिशेला तोंड केलं की व्हेसुव्हियस डाव्या हाताला असला पाहिजे. तो उजवीकडे दिसू लागला तर पुढच्या स्टेशनला उतरा, "बघू या पुढे" म्हणत बसू नका. पोज्जोमारिनोच्या गाडीत बसला असाल तर घाबरायचं कारण नाही, तोर्रे आनुन्झियाटा ओप्लोंतीला उतरून मागून येणारी सोरेंटोची गाडी पकडायची.

पॉम्पेई नावाची आणखीही स्टेशनं आहेत, सरकारी रेल्वेचं आणि पोज्जोमारिनोच्या मार्गावरचं. ती आजच्या पोंपेई गावात आहेत. तिथून अॅम्फिथिएटरच्या बाजूचं प्रवेशद्वार चालत गाठता येतं, म्हणजे तिथे उतरलात तर नुकसान फार नाही. पॉम्पेईच्या अवशेषांत दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटं नावावर असतात, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत.

हातात अर्धाच दिवस असेल तर पॉम्पेईचा हट्ट सोडा आणि त्याच गाडीने एर्कोलानो स्कावीला उतरा. स्टेशनहून सरळ उतार, दहा मिनिटं चालणं. हेही ७९ सालच्या त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं गाव, पण लहान. इथे वरचे मजले टिकले आहेत, जळून कोळसा झालेली लाकडी दारं आणि तुळया जागच्या जागी आहेत. दोन-अडीच तासांत नीट बघून होतं. मला विचाराल तर लहान मुलं बरोबर असताना हेच बरं.

'मेट्रोचं तिकीट आहे ना!'

नेपल्सच्या मेट्रोच्या एक नंबर आणि दोन नंबर या मार्गिका नकाशात शेजारी-शेजारी दिसतात, पण चालवणारे वेगळे आहेत. एक नंबर आणि डोंगर चढणाऱ्या फ्युनिक्युलर शहराच्या कंपनीच्या, दोन नंबर सरकारी रेल्वेची, आणि चिर्कुमवेझुवियाना तिसऱ्याच कंपनीची. एका कंपनीचं साधं तिकीट दुसरीकडे चालत नाही. सगळीकडे चालणारं एकत्रित तिकीटही मिळतं, पण ते मागून घ्यावं लागतं. खिडकीवर नुसतं "मेट्रो" म्हणालात की सगळ्यात स्वस्त ते हातात पडतं. मी खिडकीवर आधी जायचं ठिकाण सांगते, मग तिकीट मागते.

रेल्वेचं प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून छापून घ्या. फोनवरचं असेल तर गाडी सुटण्यापूर्वी त्यातच चेक-इन करायचं असतं. "मी पैसे भरलेत ना" हे कारण तिकीट तपासनीस ऐकून घेत नाही, आणि त्याचं चूक नाही. बसमध्येही चढल्या-चढल्या यंत्रात तिकीट घाला. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. रविवारी दुपारी तंबाखूवाल्याचं दुकान, जिथे तिकिटं मिळतात, ते बंद असण्याची शक्यता मोठी.

एका दिवसात पॉम्पेई, सोरेंटो, पोझितानो, अमाल्फी

हा बेत करणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते, आणि तरीही ते करतात. समाजमाध्यमांवर कुणीतरी पंधरा सेकंदांत चार गावं दाखवलेली असतात. खरा दिवस असा जातो : लोकलने सोरेंटो, सव्वा तासाच्या आसपास. स्टेशनबाहेर किनाऱ्यावरून जाणाऱ्या बसची रांग. उन्हाळ्यात एक बस भरून जाते, मग दुसरी. तिसऱ्या बसमध्ये उभं राहायला जागा मिळते. रस्ता कड्यात कोरलेला, वळणावर समोरून बस आली की दोघींतली एक मागे सरकते. अमाल्फीला पोचेपर्यंत दुपार उलटते आणि उतरल्या-उतरल्या परतीच्या रांगेची काळजी सुरू होते. पोझितानोला तर मधल्या थांब्यावर भरलेली बस न थांबता पुढे निघून जाते. तिथे हात दाखवत उभी असलेली माणसं पाहिली की मला खरोखर कळवळा येतो.

अमाल्फी बघायचंच असेल तर पूर्ण दिवस एकट्या अमाल्फीला द्या आणि उलट बाजूने जा. नेपल्सहून रेल्वेने सालेर्नो, स्टेशनपासून चालत धक्का, तिथून बोटीने साधारण अर्ध्या-पाऊण तासात अमाल्फी. किनाऱ्याचं जे रूप बसमधल्या गर्दीत कुणाच्या तरी काखेतून दिसलं असतं, ते बोटीच्या कठड्याला टेकून दिसतं : लिंबाचे मळे पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढलेले, त्यांवर काळ्या जाळ्या, खाली मजोलिकाच्या, म्हणजे रंगीत झिलईच्या फरशांच्या, घुमटाची पिवळी-हिरवी चमक. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. हिवाळ्यात गेलात तर अमाल्फी सोडून द्या, नेपल्समध्येच बघण्यासारखं ढीगभर आहे.

आणखी काही

कॅप्री बेटाच्या जलद बोटी मोलो बेव्हेरेल्लोवरून सुटतात, मोठ्या संथ फेरीबोटी कालाता पोर्ता दी मास्सावरून. दोन्ही धक्के बंदरातच, पण मध्ये बरंच चालणं आहे. समुद्र खवळला की आधी जलद बोटी रद्द होतात, म्हणून परतीची शेवटची बोट धरून बेत करू नका.

कॅप्रीची गर्दी नको असेल तर प्रोचिदाला जा. २०२२ साली इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं हे बेट. लहान आहे, बरंचसं चालत होतं, आणि कोरिचेल्लाच्या कोळीवाड्यात रंगीत घरांखाली जाळी विणत बसलेली माणसं दिसतात.

पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. पॉम्पेईची उत्तमोत्तम मोझाइक आणि भित्तिचित्रं तिथे आहेत, म्हणून आधी वार बघा.

व्हेसुव्हियसच्या विवराचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं. वर जाऊन "एक तिकीट द्या" म्हणायची सोय नाही.

गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी घ्या. फोन मागच्या खिशात ठेवणाऱ्यांना काय सांगावं!

मेट्रोचं तोलेदो स्टेशन नुसतं बदलीसाठी वापरू नका. सरकत्या जिन्यावरून खाली जाताना मान वर करून निळ्या मोझाइकमधली ती उजेडाची विहीर बघा.

शाकाहारी असाल आणि चीजही नको असेल तर मारिनारा मागा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. नेपल्समध्ये ती जुनी, मानाची पिझ्झा आहे, कुणी विचित्र नजरेने बघणार नाही.

संप

इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर होतात, पुष्कळदा शुक्रवारी असतात. वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखेनुसार यादी असते. निघण्याच्या आठवड्यात मी ती बघतेच. कामाच्या दिवशी संप असला तरी रेल्वेच्या प्रादेशिक गाड्यांपैकी ठरावीक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात चालवाव्या लागतात. शहरातल्या बस-मेट्रोच्या हमीच्या वेळा वेगळ्या असतात, त्या त्या-त्या कंपनीच्या पानावर छापलेल्या मिळतात. संपाचा दिवस आला तर तो शहरात पायी घालवा : स्पाक्कानापोलीची सरळ गल्ली, सांता कियारा मठातलं रंगीत फरशांचं अंगण, आणि पायऱ्या चढायची तयारी असेल तर व्होमेरो टेकडीवरचा सांत एल्मो किल्ला.

विमानाचा दिवस आणि संपाचा दिवस एकच निघाला, तर अलीबस या विमानतळ बसवर अवलंबून राहू नका. ती एरवी चेंत्रालेसमोरून आणि बंदरावरून कापोदिकिनो विमानतळावर नेते, उत्तम सोय आहे. पण त्या दिवशी टॅक्सी आदल्या रात्रीच हॉटेलमधून सांगून ठेवा, आणि चढण्याआधी चालकाला ठरावीक दर मागा. विमानतळासाठीचे दर पालिकेने ठरवून दिलेले आहेत, पण ते प्रवास सुरू होण्यापूर्वीच मागावे लागतात. मीटर चालू झाल्यावर नाही.