मळीतली मोटार एकट्यानं वर काढताना

रोहिणी नक्षत्र लागलं की कृष्णा-वारणेकाठच्या शेतकऱ्यांनी मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या, पाणी उपसायच्या मोटारी वर घ्यायला सुरुवात करावी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, पण नदीच्या पोटात बसवलेली मोटार त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जाते. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, ते आपण विसरलेलो नाही. आता ऊसपट्ट्यात हाताखाली गडी मिळणं अवघड, म्हणून बरेचजण एकटेच दोर घेऊन उतरतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं काम विजेचं. फ्यूज काढून खिशात टाका, मगच वायरीला हात लावा. पाइप आणि फुटवाल (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) सोडवून ओझं हलकं करा.

रूळ म्हणून पाइपाचे तुकडे सपाटीवरच वापरा. चढावर एकट्यानं ते वापरूच नयेत, हात सुटला की मोटार थेट पाण्यात. त्यापेक्षा दोन फळ्या चढावर टाका आणि मोटार जाड पाटावर बांधून त्यावरून घसटत न्या. चढ फार उभा नसेल तर लाकडावर लाकूड घासतं म्हणून ओझं सहसा परत खाली येत नाही.

दोराचं एक टोक वरच्या बाभळीच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत बांधा. दुसरं टोक पाटाला अडकवलेल्या कप्पीतून परत वर आणा. ताकद जवळपास निम्मी लागते, पण दोर दुप्पट लागतो, हे आधीच मोजून घ्या. वर आलेल्या टोकाचे बुंध्याभोवती तीन वेढे घ्या. शेपूट एका हातात सैल न सोडता धरलं, तर एवढं ओझं वेढ्यांवर तोलून राहतं. आता झाडाजवळ बाजूला उभं राहून ताणलेला दोर दुसऱ्या हातानं आडवा ओढा, आणि परत सोडताना मिळालेली ढील लगेच शेपटानं वेढ्यावर ओढून घ्या. दरवेळी इंचभरच मोटार सरकते, पण ती तुमच्या कंबरेवर येत नाही. ताणणारा नायलॉन यासाठी नको, आणि उन्हात पिवळा पडून कोंडा झडणारा दोर तर मुळीच नको.

झाड नसेल तर दोन पहारी एकामागं एक, डोकं मोटारीच्या उलट दिशेला झुकवून ठोका आणि पुढच्या पहारीचं डोकं मागच्या पहारीच्या बुडाशी आवळा.

दोर मनगटाला कधीही गुंडाळू नका. मी एकदा गुंडाळला होता. पाट फळीवरून निसटला आणि हिसक्यासरशी मनगटाची साल दोराबरोबर गेली. दोर वेढ्यातून सुटला असता, तर मोटार गेली असती, हात राहिला असता. ओझ्याच्या खालच्या बाजूलाही उभं राहू नका, आणि मोबाईल वरच्या खिशात ठेवून घरात एकाला सांगूनच निघा.

मोटार वर आली की गेल्या पुराच्या खुणेच्या वर ठेवा. स्टार्टरची पेटीही तिथंच न्या.