परदेशी शिक्षणाचा हिशोब: या चुका टाळा

पुण्यात जर्मन शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. ए वन, ए टू, बी वन या भाषेच्या पायऱ्या, सगळं वेळेवर होतं. पैशांचा हिशोब मात्र शेवटच्या महिन्यात, तोही मोबाइलवर दिसणाऱ्या युरोच्या आजच्या दराने.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोथरूडच्या एका कुटुंबाने २०२५च्या जानेवारीत बजेट मांडलं. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याखर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा ठरावीकच काढायचे, असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे होते. युरो तेव्हा ८९च्या आसपास, म्हणजे साधारण १० लाख ६० हजार. तेवढीच एफडी बाजूला ठेवली. ॲडमिशनचं पत्र येईपर्यंत युरो बराच चढला होता. काकांचं एकच पालुपद, "उतरेल, थांबू जरा." जुलैत युरो शंभरीला टेकला, रक्कम ११ लाख ९० हजारांवर गेली आणि उरलेले १ लाख ३० हजार आत्याकडून उसने घ्यावे लागले.

दर उतरायची वाट पाहणं हा सट्टा आहे. मुलाच्या शिक्षणावर तो खेळू नये. मी प्रत्येकाला वहीत दोन रकाने पाडायला लावते: एक आजच्या दराचा, दुसरा दहा टक्के चढ्या दराचा. दुसऱ्यात जमत नसेल तर कोर्स किंवा देश बदला. आणि हप्त्यांत फी भरायची असेल तर तारखा आधीच ठरवून, थोडं थोडं चलन घ्या.

कर्ज मंजूर झालं की लोक निर्धास्त होतात. कर्ज रुपयांत असतं, फी डॉलरमध्ये. २०२४च्या मध्यात ८३.५० रुपयांच्या दराने ४० लाखांत जवळपास ४७,९०० डॉलर बसायचे; २०२५च्या डिसेंबरात डॉलर नव्वदीपार गेल्यावर ४४,४००सुद्धा नाहीत. दुसऱ्या वर्षाची फी नेमकी इथेच अडते. मंजुरी घेतानाच रक्कम वाढवून मागा.

दादाच्या वेळचे आकडे धरू नका. कॅनडाला २०२३पर्यंत राहण्याखर्चासाठी १०,००० कॅनेडियन डॉलर दाखवले की पुरत. सप्टेंबर २०२५पासून २२,८९५ लागतात.

गूगलवरचा दर बँक देत नाही. बँकेचा विक्रीदर विचारा, वर जीएसटी धरा.

स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढे पाठवले की टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. शक्य असेल तर रक्कम मार्च आणि एप्रिलमध्ये विभागा.

"तिथे पार्टटाइम करून भागवू" म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय तिकीट काढू नका.