ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडायची की रेटायची?

अमेरिकेत प्रीमेड (मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाची तयारी) करणाऱ्या अनेकांची गाडी मिडटर्मनंतर इथेच अडते. घाबरून ठरवू नका, आधी हिशोब मांडा.

1. सिलॅबसमधलं वेटेज बघा. समजा 40 गुणांच्या परीक्षा झाल्या, हाती 22 आले. सी ग्रेडला 70 लागत असतील तर उरलेल्या 60 पैकी 48 हवेत, म्हणजे 80 टक्के. आत्तापर्यंत पडलेत 55 टक्के. एवढी उडी जमेल?

2. कर्व्ह (वर्गाच्या एकूण कामगिरीनुसार ग्रेड वर-खाली करणं) आहे का, हे प्रोफेसरांना ऑफिस अवर्समध्ये थेट विचारा. त्याने सगळं गणित बदलू शकतं.

3. ड्रॉपची (सुरुवातीलाच कोर्स सोडणं, नोंद सहसा राहत नाही) आणि विथड्रॉची (नंतर सोडणं) शेवटची तारीख सहसा वेगळी असते. विथड्रॉ केल्यास ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’ येतो, पण तो जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत. डी किंवा एफ मात्र, कोर्स पुन्हा केला तरी, एएमसीएएस (मेडिकल कॉलेजांसाठीची सामाईक अर्जसेवा) मोजतंच. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सी आवाक्याबाहेर असेल तर एक डब्ल्यू परवडला. डब्ल्यूंची रांग नको.

जपून: एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर क्रेडिट 12 च्या खाली जाण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी घ्याच. शिष्यवृत्तीची अटही तपासा.