रोबोटिक्स टीमचा निधी नेमका कुठे अडकतो? अर्जाआधी या चुका टाळा

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम दरवर्षी स्पॉन्सरशिपची फाइल काखेत मारून भोसरी-चाकणच्या कंपन्यांचे उंबरे झिजवतात. शाळांमधले विज्ञानाचे सर इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या पोर्टलवर मुलांची नावं भरत बसतात. बहुतेकांना मिळतं ते "बघतो, कळवतो" एवढंच. मग टीमला वाटतं, आपला रोबोट कमी पडला. माझ्या मते रोबोटपर्यंत गाडी पोचतच नाही. देणाऱ्याला पैसे द्यायचे असले तरी ते कोणाला, कुठल्या खात्यात आणि कुठल्या नावाखाली द्यायचे, याचं उत्तर अर्जात सापडत नाही.

पैसे कोणाच्या नावावर घेणार?

टीमला नाव असतं, लोगो असतो, इन्स्टाग्राम असतं. पॅन नसतो. कॅप्टनचा यूपीआय नंबर दिलेलं पत्र कंपनीच्या अकाउंट्समध्ये पहिल्याच टेबलावर मरतं. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर खर्च करावा लागतो तो पैसा हवा असेल तर घेणारी संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी असावी लागते. तिच्याकडे आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणीही लागते.

पुण्यातली बहुतेक खासगी कॉलेजं कुठल्या ना कुठल्या शिक्षण संस्थेची असतात, त्यामुळे हे कागद बहुधा आधीच तयार असतात. फक्त ते कॉलेजात नसतात, संस्थेच्या मुख्य कार्यालयात असतात. रोबोटचं डिझाइन सुरू करायच्या आधी तिथल्या अकाउंटंट काकांना गाठा आणि सीएसआर-१चा नंबर, ८०जीची प्रत, रद्द केलेला चेक आणि सही कोण करणार त्याचं नाव, एवढं मागून घ्या. काका वैतागतील. तरी मागा.

राहत्या सोसायटीतल्या पालकांनी मिळून मुलांचा रोबोटिक्स क्लब काढला असेल तर घाईघाईने नवा ट्रस्ट नोंदवण्यात अर्थ नाही. तीन वर्षांच्या अनुभवाची अट तिथेच आडवी येते. एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करा.

देणगी, सीएसआर आणि स्पॉन्सरशिप यांची खिचडी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. एकाच कंपनीत पैसे देणारे दोन वेगळे खिसे असतात. मार्केटिंगवाल्यांना लोगो दिसायला हवा असतो. सीएसआरवाल्यांना लोगोच अडचणीचा ठरतो, कारण मार्केटिंगचा फायदा मिळवण्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआर नियमांत बसत नाही. आता हे वाक्य बघा, असं मी कितीतरी पत्रांत वाचलंय:

"आपल्या सीएसआर निधीतून सहकार्य केल्यास रोबोटच्या पुढच्या भागावर, टी-शर्टवर आणि बॅनरवर आपला लोगो ठळकपणे लावण्यात येईल."

सीएसआर अधिकाऱ्याने हे पत्र फाइलला लावलं तर उद्या ऑडिटर त्यालाच विचारणार. त्याने ते बाजूला ठेवलं यात त्याची चूक नाही. तेच पत्र असं लिहा: "या निधीतून आमची टीम महापालिकेच्या तीन शाळांत आठवी-नववीच्या मुलांसाठी सेन्सर आणि मोटर यांची कार्यशाळा घेईल. वापरलेलं साहित्य शाळांकडेच राहील." आणि लोगोवालं पत्र मार्केटिंगकडे वेगळं पाठवा. स्पॉन्सरशिपवर जीएसटीचा प्रश्न येतो, देणगीवर येत नाही. देणगीदाराचं नाव केवळ कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यात जाहिरात नसली तर जीएसटी लागत नाही, असं ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. त्याची प्रत जवळ ठेवा, काकांना दाखवायला उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट परदेश प्रवासाची. शाळेची टीम फर्स्ट या आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धेतून अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जागतिक फेरीसाठी निवडली गेली की पालक सगळ्यात आधी सीएसआरचा दरवाजा ठोठावतात. भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. अपवाद आहे तो देशाचं किंवा राज्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा, आणि रोबोटला अजून कोणी खेळाडू मानत नाही. तेव्हा इथली बांधणी आणि कार्यशाळा सीएसआरमध्ये दाखवा. विमानाची तिकिटं माजी विद्यार्थी, पालक नाहीतर मार्केटिंगच्या पैशातून काढा.

आणि प्रत्येक कारखानदाराकडे सीएसआर मागू नका. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तरच कंपनीला तो खर्च बंधनकारक आहे. भोसरीतला वीस माणसांचा वर्कशॉपवाला यात बसत नाही. त्याच्याकडे लेझर कटिंग, बेंडिंग, ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे मागा. तो आनंदाने देतो, आणि टीमला कित्येकदा रोख रकमेपेक्षा तेच जास्त कामाला येतं. फक्त त्या कामाची अंदाजे किंमत त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्या. पुढच्या अर्जात स्थानिक सहभाग म्हणून दाखवता येते.

परदेशी अनुदानाचा मोह

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या लेमेल्सन-एमआयटी कार्यक्रमाचं इन्व्हेन्टीम्स अनुदान तिथल्याच शाळांसाठी आहे. इथल्या मुलांनी त्याचा फॉर्म भरण्यात रात्री घालवू नयेत. जिथे भारतीय टीम चालते तिथेही परदेशी देणगी नियमन कायदा, २०१० आडवा येतो. संस्थेकडे त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. कॅप्टनच्या खात्यावर मागवून घेऊ, ही वाट तर अजिबात नको. चाकणमधल्या जर्मन कंपनीच्या भारतीय उपकंपनीने दिलेला सीएसआर सहसा परदेशी धरला जात नाही, पण थेट जर्मनीतून आलेला पैसा धरला जातो.

शाळांसाठीच्या सरकारी योजना

इन्स्पायर-मानकमध्ये शाळेला पाच कल्पना पाठवता येतात, आणि निवड झालेल्या मुलाला १०,००० रुपये थेट त्याच्या बँक खात्यात मिळतात. इथे घोळ होतो नावाच्या स्पेलिंगचा. शाळेच्या रजिस्टरवर 'ज्ञानेश्वर' असलेल्या मुलाचं स्पेलिंग आधारवर एका तऱ्हेने आणि पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने असतं. कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे आडनाव आधी. नाव भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, आणि खातं चालू आहे ना हे बँकेत जाऊन बघा. शिष्यवृत्तीसाठी उघडलेली खाती बरेचदा झोपलेली असतात. कल्पनेबद्दल एकच सांगतो: पाऊस आला की वाजणारा अलार्म पाठवू नका. परीक्षकांनी तो पुरेसा ऐकलाय.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायची शाळेतली प्रयोगशाळा, तिच्या योजनेत २० लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्यातले १० लाख उभारणीला, बाकीचे पाच वर्षांपर्यंत चालवण्याच्या खर्चाला. शाळा पॅकेज विकणाऱ्या एखाद्या पुरवठादाराच्या हाती सगळं सोपवते, लॅबचं उद्घाटन झोकात होतं, आणि मग थ्रीडी प्रिंटर कापडाखाली झाकलेला राहतो, कारण तो चालवणारं कोणी नाही आणि त्यात घालायचं फिलामेंट (प्लास्टिकची तार) संपलेलं. महागडी किट कमी घ्या. शिकवणारा माणूस आधी शोधा.

चुकीच्या टप्प्यावर चुकीचा निधी

निधी-प्रयास या केंद्र सरकारच्या योजनेत प्रोटोटाइपसाठी (पहिल्या चालत्या नमुन्यासाठी) १० लाखांपर्यंत मिळतात, आणि पाषाण रस्त्यावरचं व्हेंचर सेंटर हे त्याचं पुण्यातलं केंद्र आहे. पण ही योजना १८ वर्षांवरच्या संशोधकासाठी आणि विकता येईल अशा उत्पादनासाठी आहे. रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेतला रोबोट घेऊन तिथे गेलात तर निराश होऊन परताल. त्या रोबोटातली एखादी पकड किंवा यंत्रणा शेतात वा कारखान्यात उपयोगी पडणारी असेल तर ती वेगळी काढून न्या. आणि त्याआधी तिचा रील टाकू नका. पेटंटचा तात्पुरता अर्ज व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन १,६०० रुपयांत होतो आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. एकदा जाहीर झालेली गोष्ट नवी म्हणून पटवणं अवघड असतं.

बिलं

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोटर, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट), वायर सगळं मिळतं, आणि दुकानदार वहीचं पान फाडून त्यावर लिहून देतो: 'मोटर ४ नग, २८००'. ना दुकानाचा जीएसटी नंबर, ना संस्थेचं नाव, तारीखही कधी असते कधी नसते. मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) करताना हे पान चालत नाही आणि २,८०० रुपये कोणाच्या तरी आईच्या पर्समधून जातात. पक्कं बिल मागा, संस्थेच्या नावाने मागा, थोडं महाग पडलं तरी. जुन्या बाजारातल्या भंगारातून घेतलेली मोटर अनुदानात दाखवूच नका. मंजुरीच्या तारखेआधीचं बिलही बहुतेक ठिकाणी नामंजूर होतं, मग वस्तू कितीही गरजेची असो.

बजेटमध्ये 'मोटर्स ५०,०००, इतर २०,०००' असे गोल आकडे दिसले की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. जळणारे मोटर ड्रायव्हर, फुगलेल्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या आणि सरावाच्या मैदानाचं प्लायवूड या तीन गोष्टी टीम हमखास विसरतात. रोबोकॉनचा विषय दरवर्षी बदलतो, त्यामुळे मैदानही नव्याने बांधावं लागतं आणि गेल्या वर्षीचं बजेट उतरवून चालत नाही.

उत्तरच आलं नाही, किंवा पैसे येऊन अडकले

कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. सीएसआर समिती वर्षाचा आराखडा आधी ठरवते, म्हणून डिसेंबरात पहिलं पत्र पाठवून काही हाती लागणं कठीण. पत्र वर्ष सुरू व्हायच्या आधी जाऊ द्या. तरी जानेवारी-फेब्रुवारीत एक फोन जरूर करा, कारण शिल्लक रक्कम खर्चायची घाई तेव्हाच असते.

पैसे संस्थेच्या खात्यात आले आणि टीमला मिळेनात, हा प्रकार तर नेहमीचाच. "वरून सही यायचीय" असं ऐकू येतं आणि पार्ट्सची ऑर्डर लांबते. पैसे येण्याआधीच टीमच्या नावाने स्वतंत्र लेजर (हिशेबाचं खातं) उघडून घ्या, आणि गाईड सरांना किंवा मॅडमना ठरावीक रकमेपर्यंत ॲडव्हान्स उचलता येईल असं प्राचार्यांचं पत्र करून घ्या. ते सेमिस्टरच्या परीक्षेआधी हातात हवं. सर पेपर तपासायला एकदा बाहेर गेले की सही शोधत फिरावं लागतं.